रान माजलेल्या परसात फुलांचे वाफे

कोकणात, कुडाळपासून आत, आमच्या वाडीतलं घर आठ वर्षं बंद होतं. उघडलं तेव्हा मागच्या दारातून चार पावलंही टाकता येईनात. पुरुषभर उंच रानमोडी, तिच्यात घुसलेली घाणेरी, गडग्यावर (दगडी कुंपणावर) वेलींचं जाळं. दोन आंबे, एक फणस आणि चार काजू तेवढे लावलेले, बाकी किंजळ, ऐन, कुडा आपसूक रुजलेले. जागा जेमतेम पाच गुंठे, पण बघून वाटे पाच एकर.

मला तिथे फुलं हवी होती. आजीच्या वेळची अबोली, मोगरा, सोनटक्का. आणि घाई होती. जानेवारीत जेसीबी बोलावला. झाडं होती त्या अर्ध्या भागात तो शिरेना, म्हणून उरलेला अर्धा एका दिवसात साफ करून घेतला. संध्याकाळी तांबडी सपाट जमीन बघून मी खूश. शेजारच्या काकी गडग्यापलीकडून एवढंच म्हणाल्या, "अगो, ह्यां रान एका दिवसात वाढूक नाय, मगे एका दिवसात जातला कसां?"

जूनच्या पहिल्या आठवड्यातच उत्तर मिळालं. वरची सहा बोटं काळी माती यंत्राच्या पात्याने कोपऱ्यात ढकलली होती, ती पावसाबरोबर गडग्याच्या खिंडारातून व्हाळात (ओढ्यात) गेली. खाली उरला जांभा. सप्टेंबरपर्यंत त्याच जागी कमरेएवढी रानमोडी, पहिल्यापेक्षा दाट, कारण मातीत निजलेल्या बियांना मीच उजेड आणि मोकळी जागा दिली होती. दोष यंत्र चालवणाऱ्याचा नव्हता, मी सांगितलं तेच त्याने केलं. खालचा क्रम दुसऱ्यांदा केलेल्या कामाचा आहे. पहिल्यांदा हाच केला असता तर एक वर्ष आणि बरीच माती वाचली असती.

आधी नुसतं बघा

शक्य असेल तर एक पावसाळा कशालाही हात लावू नका. सगळ्यांना जमत नाही हे कळतं, पण कारण ऐका. कोकणातल्या रानात बरंचसं फुलझाड कंदाच्या रूपाने जमिनीखाली असतं. जानेवारीत तिथे काहीही दिसत नाही. जूनच्या सरींबरोबर रानहळदीचे गुलाबी तुरे वर येतात, कळलावी कुंपणाचा आधार घेत चढते, कुठे भुईचाफा निघतो. यंत्र न गेलेल्या अर्ध्या भागात मला फणसाखाली रानहळदीचा अख्खा ताटवा मिळाला. विकत आणायला गेले असते तर मिळाला नसता. (कळलावीचा कंद अत्यंत विषारी. घरात लहान मुलं असतील तर ती जागा लक्षात ठेवा.)

पावसाळाभर थांबणं जमत नसेल तर निदान गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन एकदा फिरा. सुरंगी, बकुळ, नागचाफा, कुडा यांची पोरकी रोपं रानमोडीत लपलेली असतात. ठेवायच्या प्रत्येक झाडाला लाल चिंधी बांधा. तोडायच्या झाडांना खूण करू नका, ठेवायच्यांनाच करा. गड्याला "चिंधी नसेल ते काढ" हे सांगणं सोपं जातं आणि चुका कमी होतात.

उन्हाचा अंदाजही याच काळात घ्या. आमच्याकडे डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि तीस फुटी झाडाची सावली उत्तरेकडे सुमारे पंचवीस फूट पडते. त्याच झाडाची मे महिन्यात बाराला सावली जवळजवळ पायाशीच. त्यामुळे मेमध्ये बघून "इथे छान ऊन आहे" म्हणून शेवंती लावली तर थंडीत ती अंधारात बसते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला सावलीच्या कडेवर रांगोळी टाकायची. डिसेंबरात एकदा, मार्चमध्ये एकदा. दोन्ही वेळा सहा तास ऊन मिळणारी जागा मोगरा, जास्वंद, झेंडू, निशिगंधासाठी राखून ठेवायची.

झाड तोडण्याआधी

जमीन आपली म्हणून झाड आपल्या मर्जीने तोडता येतं असं नाही. महाराष्ट्रात 1964 चा झाडे तोडण्यासंबंधीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ ही परसात हमखास सापडणारी झाडं आहेत. यांना खाजगी जागेतही परवानगी लागते. शहरी हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे, गोव्यात 1984 चा. आधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा, मग करवत काढा.

खरं सांगायचं तर बहुतेक मोठी झाडं तोडावी लागतच नाहीत. खालच्या फांद्या दहा-बारा फुटांपर्यंत उतरवल्या की झाडाखाली कवडशांचं ऊन येतं आणि अबोलीला, सोनटक्क्याला तेवढं पुरतं. जाड फांदी उतरवताना आधी खालून थोडी कापायची, मग थोडं पुढे सरकून वरून. नाहीतर ती आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल ओरबाडत खाली येते. आंब्यावर बांडगूळ असेल तर ते याच वेळी, फांदीसकट, त्याच्या गाठीच्या खालून काढा.

साफसफाई: केव्हा, कुणाबरोबर, काय घालून

योग्य वेळ दिवाळीनंतर ते डिसेंबर अखेर. दोन कारणं. एक, पावसाची ओल अजून जमिनीत असते, कुदळ शिरते. फेब्रुवारीत तीच जांभ्याची माती विटेसारखी होते. दुसरं, रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि त्यानंतर तिचं बी म्हातारीसारखं उडतं. फुलोऱ्याच्या आत कापली तर पुढच्या वर्षीचं निम्मं काम वाचलं.

अंगात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात चामडी मोजे. पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, घोणस पडून राहते आणि रंगाने पातेऱ्यासारखीच असते. कातळाच्या, दगडांच्या सापटीत फुरसं. म्हणून कोयता चालवण्याआधी लांब काठीने आपटत पुढे जायचं, आणि दगड किंवा ओंडका उचलताना आपल्या बाजूची कड खाली ठेवून पलीकडची वर करायची, म्हणजे खाली काही असलंच तर ते तिकडून जातं. कुणाला चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे काही नको. पाय हलवू न देता 108 ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय.

काठीचा आणखी एक उपयोग. जुन्या परसात बुजलेले खड्डे, चिरे (जांभ्याचे दगड) काढलेल्या जागा, कधी कठडा नसलेली विहीरसुद्धा वेलींखाली झाकलेली असते.

खाजकुयलीच्या शेंगा नेमक्या याच दिवसांत तयार असतात. त्यांची लव वाऱ्यावर उडाली की गडी काम सोडून निघून जातात, आणि त्यात त्यांची चूक नसते. भल्या पहाटे, दवाने ओल्या असताना, वर पाइपने पाणी मारून वेल कापायची आणि ओल्या गोणत्यात भरायची. बिब्ब्याचं झाड ओळखणारं कुणी नसेल तर काळा चीक येणारी कुठलीही फांदी हाताळू नका आणि जाळू तर मुळीच नका, धुरानेही अंग सुजतं.

आमच्याकडे दोन गडी आणि मी, आठ दिवस लागले. सकाळी सात ते साडेअकरा, मग जेवण, मग तीन ते सहा. एका दिवसात एक पट्टा, गडग्यापासून घराकडे. ग्रासकटर मऊ गवताला ठीक, पण घाणेरीच्या जाळीत कोयताच लागतो.

घाणेरी आणि रानमोडी

दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या, पण दोघींचा स्वभाव वेगळा आहे आणि औषधही वेगळं.

घाणेरी जमिनीबरोबर कापली तर बुंध्यातून दहा फुटवे फुटतात. ते फुटवे येतात खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून. म्हणून कोयत्याने वरचं जाळं उतरवल्यावर बुंध्याभोवतीची माती चार बोटं उकरायची, सांध्याच्या खाली मुख्य मुळावर कुदळीचा घाव घालायचा आणि गड्डा उपटून उलटा, मुळं आभाळाकडे करून, उन्हात वाळवायचा. अख्खं मूळ खणायची गरज नाही. खणलं तर उलट माती मोकळी होते आणि नवीन बी उगवतं. ही एक युक्ती शिकायला मला दोन वर्षं लागली. तिची काळी फळं बुलबुल आणि साळुंक्या खातात, म्हणून पक्षी बसतात त्या फांद्यांखाली रोपं उगवत राहणार. ती वीतभर असताना दोन बोटांनी निघतात.

रानमोडीची मुळं उथळ असतात. थंडीत नुसती कापायची आणि जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर माती भिजली की हाताने उपटायची. तेव्हा ती अलगद येते. पुन्हा ऑगस्ट अखेरीस एक बेणणी (खुरपणी). तीन वर्षं हे दोनदा-दोनदा केलं की ती हटते. फुलण्याआधी कापलेला तिचा पाला खतासाठी उत्तम. काम करताना बोट कापलं तर आमच्याकडे हाच पाला चुरगळून लावतात.

काजूच्या किंवा इतर झाडांच्या खुंटांवर रॉकेल, मीठ ओतू नका, ती जागा फुलांच्या कामाची राहणार नाही. फुटवे येतील तसे मोडत राहा, किंवा खुंट सपाट कापून त्यावर कुंडी ठेवा. मी दुसरं केलं.

पातेरा जाळू नका

आमच्या वाडीत मार्च महिन्यात संध्याकाळी प्रत्येक घरामागून धूर निघतो. अंगण झाडलं, पातेरा गोळा केला, काडी लावली. शेतातल्या भाजावळीची (पेरणीआधी पाला जाळण्याची) ती सवय. पण फुलांच्या वाफ्यासाठी कोकणात ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त टंचाई आहे ती म्हणजे काळी भुसभुशीत माती, आणि ती या पातेऱ्यातूनच होते. जांभ्याची माती आंबट, पाणी झटकन सोडणारी, आणि दरवर्षीच्या तुफान पावसात तिच्यातलं सत्त्व धुवून जाणारी. तिला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे कुजलेलं पान.

गडग्याला लागून जाळीची गोल पेटी करा, चार फूट रुंद, चार फूट उंच. आंबा, काजू, फणसाची पानं चिवट, ती तशीच टाकली तर वर्षभर पत्र्यासारखी वाजतात. आधी पसरून त्यांच्यावर ग्रासकटर फिरवा. मग वीतभर पातेरा, त्यावर चार बोटं ओला पाला (रानमोडी, गिरिपुष्प), त्यावर बादलीभर शेणकाला, पुन्हा पातेरा. गिरिपुष्प, ज्याला काही गावांत उंदीरमारी म्हणतात, कुंपणाला लावलेला असतोच. त्याच्या पाल्यात नत्र भरपूर. पेटी डिसेंबरात भरली, उन्हाळ्यात आठवड्याला पाणी मारलं आणि पावसाळा अंगावर घेऊ दिला की पुढच्या दसऱ्याला खालून काळं, चहापत्तीसारखं खत निघतं. वास रानातल्या ओल्या मातीचा. शेणाचा किंवा नासका वास येत असेल तर अजून तयार नाही.

आमच्या आठ दिवसांच्या सफाईतून अशा तीन पेट्या भरल्या. जाड लाकूड चुलीला गेलं.

कुंपण

थोडक्यात: भात कापून झाल्यावर मोकाट सुटलेली गुरं एका रात्रीत सगळं खातात, म्हणून वाफ्याआधी गडग्याची खिंडारं बुजवा. गडगा नसेल तर गिरिपुष्पाचे खुंट आणि मधे अडुळसा लावा, गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

वाफे

रुंदी चार फूट, त्यापेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. लांबी जागेप्रमाणे. दोन वाफ्यांत दोन फूट वाट, घमेलं घेऊन जाता आलं पाहिजे. जमीन उताराची असेल तर वाफे उताराला आडवे घ्या. मी पहिला वाफा उताराच्या दिशेने उभा काढला होता, तो पावसाळ्यात पऱ्याच झाला.

कडेला चिरे लावून वाफा जमिनीपासून आठ-दहा इंच उचला. जुन्या गोठ्याचे, पडक्या चुलीचे चिरे असतील तर तेच वापरा. सिमेंट नको, फटींतून पाणी निघून जायला हवं.

तळाची माती एक कुदळभर खणून मोकळी करा. ऊन लागणाऱ्या, लवकर सुकणाऱ्या वाफ्यात तळाशी नारळाच्या सोडणांचा (काथ्याच्या सालींचा) एक थर, वाटीची बाजू वर करून. सोडणं पाणी धरून ठेवतात आणि एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड पाणी पुरतं. पावसाचं पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात मात्र सोडणं घालू नका. वरती दोन भाग तिथलीच माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग पातेऱ्याचं खत. ताजं शेण नको, हुमणीच्या अळ्या येतात. लाकडाची राख मूठ-मूठ झेंडू-मोगऱ्याच्या वाफ्यात चालते, कारण ती आंबटपणा कमी करते. अनंत आणि एक्झोरा यांना आंबट मातीच मानवते, त्यांच्याजवळ राख नेऊ नका.

झाडाखाली वाफा करायचा असेल तर बुंध्यापासून सहा फूट सोडा. खणताना अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर थांबा, वाफा थोडा सरकवा. आणि बुंध्याला माती लावून ओटा करण्याची आपल्याकडे जी हौस असते ती आवरा, साल कुजून मोठी झाडं त्यामुळे हळूहळू मरतात.

कुठे काय

माझ्याकडे जे टिकलं तेवढंच सांगते. गुलाब टिकले नाहीत. डिसेंबर ते मार्च छान, पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आणि नुसत्या काड्या. तुम्हाला जमले तर मला आनंदच आहे.

आंब्याखाली, कवडशांच्या उन्हात अबोली. जूनमध्ये फांदीची कलमं नाहीतर बियांपासून रोपं, फूटभर अंतरावर. चार-पाच महिन्यांत फुलायला लागते आणि मग वर्षभर थांबत नाही. न्हाणीघराचं पाणी जातं त्या ओलसर कडेला सोनटक्का आणि कर्दळ. पावसाळाभर मोकळ्या जागी तेरडा, त्याला लावावंही लागत नाही, एकदा आला की दरवर्षी बी टाकतो.

पूर्ण उन्हात मोगरा. त्याचं एकच गुपित: नोव्हेंबर अखेरपासून पाणी तोडायचं, पानं गळाली की डिसेंबर-जानेवारीत निम्म्याने छाटायचा, मग शेणखत घालून भरपूर पाणी. फेब्रुवारी अखेरीस कळ्या. पाणी तोडण्याची हिंमत न झाल्याने पहिल्या वर्षी माझ्या मोगऱ्याला नुसती हिरवीगार पानं होती.

दसऱ्याला झेंडू हवा असेल तर जुलैच्या सुरुवातीला पडवीत, पत्र्याखाली ट्रेमध्ये बी पेरा, बाहेर पेरलं तर पाऊस वाहून नेतो. तीन-चार आठवड्यांनी रोपं उंच वाफ्यात, दीड फुटावर. महिन्याने शेंडा खुडा.

गडग्याला लागून जास्वंद, तगर, अनंत, आणि वर चढायला गोकर्ण. जास्वंदीच्या कळ्या माकडं खातात. यावर माझ्याकडे उपाय नाही, मी सात झाडं लावली आहेत आणि दोन-तीन त्यांच्या वाट्याची धरते.

लावून झालं की वाफ्यावर दोन-तीन इंच पातेरा पसरा, खोडाला चिकटू न देता. उन्हाळ्यात तो ओल राखतो. जूनमध्ये सरीच्या माऱ्याने माती उडून पानांवर बसते, तीही थांबते.

पहिला पावसाळा

वाफ्यांतून पाणी कुठून जातंय ते पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा. घरात बसून कळत नाही. मी त्या अर्ध्या तासात फावड्याने दोन चर काढले, नंतर ते कधी हलवावे लागले नाहीत.

मग आफ्रिकन गोगलगायी. शंखवाल्या, मुठीएवढ्या. एका रात्रीत झेंडूची वीस रोपं गेली. रात्री नऊनंतर बॅटरी आणि बादली घेऊन वेचायच्या, हातात मोजे घालून, कारण त्यांच्या अंगावरून माणसाला बाधणारे जंत येऊ शकतात. बादलीत मिठाचं दाट पाणी. वाफ्यात मीठ टाकू नका, गोगलगायीबरोबर रोपंही जातील. ओलं गोणपाट, त्याखाली पपईची पानं ठेवली तर सकाळी सगळ्या त्याखाली जमतात. पंधरा दिवस रोज वेचल्या तर संख्या खूप उतरते.

यंत्राने खरवडलेल्या त्या अर्ध्या भागात अजूनही वाफा धरत नाही. तिथे मी तीन वर्षं ताग पेरून फुलण्याआधी मातीत गाडते आहे आणि दर डिसेंबरात पातेऱ्याचा थर देते आहे. यंदा पहिल्यांदा तिथे गांडुळं दिसली.

अबोलीचं बी धरायचं असेल तर शेंगा तपकिरी झाल्यावर सकाळी कोरड्या खुडा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल लागली की त्या फट्‌कन फुटतात आणि बी लांब उडतं. लहानपणी आम्ही त्या पाण्याच्या वाटीत टाकून खेळायचो. गेल्या वर्षी मी त्या सुपात घालून पडवीत विसरले. रात्री अवकाळी सर आली, झड आत आली आणि पडवीभर बारीक टपटप चालू झाली. उंदीर समजून मी काठी घेऊन उठले. आता पडवीच्या पायरीच्या फटीत अबोलीची चार रोपं आहेत, काकींनी दोन मागितली आहेत.